मतापूर्वीचा कागद : जळगाव व धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

जिल्हाधिकारी, जळगाव, आणि जिल्हाधिकारी, धुळे, यांच्या सेवेशी



खान्देशाची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी 1906 साली झाली, पुढे त्या वाटण्यांस जळगाव व धुळे ही नावे रूढ झाली, 1998 साली नंदुरबारनेही वेगळी चूल मांडली. तथापि तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठची माणसे, त्यांची बोली, त्यांच्या सोयरिकी आणि त्यांच्या अडचणी यांची वाटणी कोणत्याही राजपत्राने झाली नाही, म्हणून हे पत्र एकाच मजकुराने आपणा उभयतांस लिहीत आहे. विषय असा की, मतदाराने आपले मत देण्यापूर्वी ज्या गोष्टीवर मत द्यावयाचे ती गोष्ट नेमकी काय आहे, तिचा परिणाम काय होणार, आणि ज्या माणसावर मत द्यावयाचे त्याचा पूर्वेतिहास काय, हे त्याला कोणत्याही पक्षाच्या किंवा हितसंबंधाच्या मुखातून न कळता विश्वासार्ह रीतीने आणि वेळेवर कळावे, याची तजवीज आज आपल्या जिल्ह्यांत पुरेशी नाही. ही कैफियत मुंबईस निवडणूक आयोगाकडे न पाठवता आपणांपुढे मांडण्याचे कारण इतकेच, की ज्या मतदानांविषयी प्रामुख्याने लिहावयाचे आहे त्यांवर आपल्या दप्तराची सत्ता चालते, आणि जे मी मागणार आहे त्यातील बहुतेक भाग देण्यास आपणांस नवा कायदा लागत नाही.

प्रथम बाटलीच्या मतदानाविषयी. कायद्याच्या एखाद्या मसुद्यावर प्रजेने प्रत्यक्ष मत द्यावे अशी व्यवस्था आपल्या घटनाकारांनी ठेवली नाही. कायदा करणे प्रतिनिधींचे काम आणि प्रतिनिधी निवडणे आपले काम, अशी विभागणी त्यांनी केली. या विभागणीस महाराष्ट्रात जे मोजके अपवाद आहेत त्यांतील सर्वांत मोलाचा अपवाद शासनाच्या 25 मार्च 2008 च्या आदेशाने निर्माण झाला. गावातील महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, निदान 25 टक्क्यांनी परवान्याचे दारूदुकान बंद व्हावे असा अर्ज करावा, राज्य उत्पादन शुल्क खात्याने सह्यांची पडताळणी करावी, आणि अर्ज खरा ठरल्यास महसूल अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गुप्त मतदान व्हावे, असा तो क्रम आहे. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही एका दृष्टिक्षेपात उमगावे असे हे चिन्ह ज्याने कोणी योजले त्याच्या कल्पकतेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

परंतु चिन्ह समजले म्हणजे मतदान समजले असे होत नाही. महिलांच्या अर्जावरून जेव्हा मतदान होते तेव्हा दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीस मतदानास आलेल्या स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मते पडून भागत नाही. यादीत नाव असलेल्या एकूण स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. समजा एखाद्या गावच्या यादीत 1200 महिला आहेत. मतदानाच्या दिवशी त्यांपैकी 700 आल्या. 580 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि 120 जणींनी उभ्या बाटलीवर. आता कोणत्याही साध्या हिशेबाने हा आडव्या बाटलीचा प्रचंड विजय आहे, पण कायद्याच्या हिशेबाने 601 चा आकडा गाठला गेला नाही, आणि दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते. याचा अर्थ असा की जी बाई घरी बसली, जिला वाटले की आपण या भानगडीत न पडता तटस्थ राहावे, तिचे मत प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या पारड्यात गेले. चाळीसगाव, पारोळा, साक्री या बाजूंच्या ज्या बाया ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर दिवाळीनंतर गाव सोडतात त्यांचीही मते, त्यांच्या नकळत, तिकडेच गेली. लग्न होऊन सासरी गेलेल्या ज्या मुलीचे नाव यादीतून निघाले नाही, जी म्हातारी तीन वर्षांपूर्वी वारली आणि जिचे नाव कायम राहिले, त्या दोघीही उभ्या बाटलीस बळ देऊन गेल्या. ही अट ठेवण्यामागे शासनाचा काही विचार असेल; चालू परवाना रद्द करणे ही गंभीर गोष्ट आहे आणि ती थोड्यांच्या उत्साहावर होऊ नये, हे म्हणणे मला समजते. पण ज्या अटीने निकाल फिरतो ती अट मतदानापूर्वी गावातील प्रत्येक स्त्रीस ठाऊक नसणे, हे माझ्या मते त्या मतदानाचा प्राणच काढून घेण्यासारखे आहे.

तशीच दुसरी गोष्ट. आडवी बाटली जिंकली तर परवान्याचे दुकान बंद होते. नदीकाठच्या बाभळीत चालणारी हातभट्टी त्याने बंद होत नाही, कारण ती मुळातच बेकायदा आहे आणि तिचा बंदोबस्त 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पोलिसांनी व उत्पादन शुल्क खात्याने करावयाचा असतो. हे न सांगितल्यामुळे एक तर मतदानाच्या वेळी वाजवीपेक्षा अधिक आशा उत्पन्न होते, किंवा दुकानदाराच्या बाजूचे लोक ‘दुकान बंद झाले तर हातभट्टी वाढेल’ असे सांगतात आणि त्या म्हणण्यास उत्तर देण्यास कोणी उभे राहत नाही. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांतील जी गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत तेथे तर 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा वेगळाच अधिकार दिला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा बांधवांना त्यांच्याच भाषेत तो अधिकार कोणी वाचून दाखवला आहे काय, हा प्रश्न मी अत्यंत कळकळीने विचारतो. तहसीलची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते खरी. तिच्यात दिनांक, वेळ आणि जागा असते, आदेशाचा क्रमांक असतो. पण 601 चा हिशेब नसतो.

मराठी वाचकांच्या स्मरणात याहून कितीतरी मोठा एक कौल आहे. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे यावर तेथील प्रजेने मत दिले. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने अशी चिन्हे होती, आणि दोन पानांना 1,72,191 तर फुलाला 1,38,170 मते पडली. महाराष्ट्रातील पुष्कळांना तो निकाल त्या वेळी जिव्हारी लागला. पण त्या कौलापूर्वी काय झाले ते आपण आठवावे: सत्तेवरील मंत्रिमंडळाचे वजन एका पारड्यात पडू नये म्हणून विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते असलेले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले, आणि ‘गोमन्तक’ व ‘राष्ट्रमत’ या दोन मराठी दैनिकांनी परस्परविरुद्ध बाजू इतक्या हिरिरीने मांडल्या की ज्याला वाचता येत होते त्याला दोन्ही युक्तिवाद घरबसल्या मिळाले आणि ज्याला येत नव्हते त्याला ते चहाच्या दुकानात ऐकावयास मिळाले. कोणी म्हणेल, एका प्रदेशाच्या भवितव्याची तुलना गावच्या दारूदुकानाशी काय करावयाची? ज्या घरात संध्याकाळी मजुरी येण्याऐवजी मार येतो त्या घरातील स्त्रीला ही तुलना अनुचित वाटणार नाही. तिच्या गावासाठी दोन्ही बाजू छापणारे दैनिक मात्र नाही, आणि म्हणूनच ते काम कोणीतरी पत्करले पाहिजे.

थेट लोकांतून निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वासाचे मतदान हा दुसरा अपवाद. ही पद्धत 2017 साली आली, 2020 साली गेली, 2022 साली पुन्हा आली. तिच्यात पंचायतीच्या तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केल्यावर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यास मान्यता घ्यावी लागते आणि त्या सभेसाठी अधिकारी आपण नेमता. येथे हिशेब निराळा: जे सभेस आले आणि ज्यांनी मत दिले त्यांच्यावर निकाल ठरतो, घरी बसलेल्याचे मत कोणत्याच बाजूस जात नाही. एकाच गावात, कदाचित एकाच वर्षात, दोन मतदाने दोन वेगळ्या गणितांनी व्हावीत आणि ती गणिते कोणी समजावू नयेत, अशी ही स्थिती आहे. सदस्यांचे आरोप कोणते, सरपंचाचे उत्तर काय, हेही गावाला बहुधा पारावरच्या कुजबुजीतूनच कळते.

न्यायाधीश निवडून देण्याची प्रथा आपल्याकडे नाही, आणि ती नसावी असेच माझे मत आहे. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राष्ट्रपती नेमतात, जिल्हा न्यायाधीश राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून नेमतात, आणि मतांची याचना करणाऱ्यास निर्भयपणे निकाल देणे अवघड जाईल ही भीती रास्त आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र न्यायाधीशांची नावे मतपत्रिकेवर येतात. कॅलिफोर्नियात स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा अमुक न्यायमूर्ती पदावर राहावा की न राहावा यावर होय किंवा नाही असे मत द्यावे लागते. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती. तिचा अध्यक्ष ग्रामसभा निवडते. बांधाचा वाद, भावकीचा वाद, गुरांनी पीक खाल्ल्याचा वाद त्याच्यापुढे जातो. त्याला न्यायाधीशाचा दर्जा नसला तरी गरिबाच्या दृष्टीने तोच पहिला आणि पुष्कळदा तोच शेवटचा न्यायाधीश असतो. अशा माणसाचे नाव ग्रामसभेत पुकारले जाते, कोणी अनुमोदन देतो, टाळ्या होतात आणि निवड होते. त्याचे स्वतःचे किती दावे दिवाणी न्यायालयात पडून आहेत, शेजाऱ्याच्या गटात त्याचे अतिक्रमण आहे काय, ज्या दोन भावक्यांत गाव विभागले आहे त्यांपैकी एकीशी त्याची सोयरीक आहे काय, हे हात वर करण्यापूर्वी विचारण्याची सोय नाही. पाचशे वस्तीच्या गावात सर्वांना सर्व ठाऊक असते असे म्हणतात. पण ठाऊक असणे आणि सभेत उघड नोंदले जाणे यांत फार अंतर आहे.

आता उमेदवारांविषयी. येथे सर्वोच्च न्यायालयाने मतदारावर थोर उपकार केले आहेत. उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे असे त्या न्यायालयाने 2 मे 2002 रोजी ठरवले, संसदेने तो हक्क आकुंचित करणारे कलम घातले तेव्हा 13 मार्च 2003 रोजी ते कलम रद्द केले, आणि शपथपत्रातील रकाने कोरे ठेवता येणार नाहीत असे 13 सप्टेंबर 2013 रोजी बजावले. शपथपत्रे आज सर्वांस खुली आहेत. पण ती कोणत्या स्वरूपात खुली आहेत? कलमांचे आकडे, खटल्याचा क्रमांक, न्यायालयाचे नाव, आणि पुढे ‘प्रलंबित’ हा एकच शब्द. ज्याला जुन्या भारतीय दंड विधानाचे 409 वे कलम म्हणजे लोकसेवकाने केलेला विश्वासघात हे ठाऊक नाही, आणि आंदोलनात रस्ता अडवल्याबद्दल लागलेले कलम कोणते हेही ठाऊक नाही, त्याला दोन्ही उमेदवार सारखेच ‘गुन्हे दाखल असलेले’ दिसतात. याने अपराधी झाकला जातो आणि शेतकऱ्यांसाठी रस्त्यावर उतरलेला मनुष्य विनाकारण डागाळतो.

जळगावने याचा दीर्घ अनुभव घेतला आहे. घरकुल योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद 2006 च्या फेब्रुवारीत दाखल झाली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले ते 31 ऑगस्ट 2019 रोजी. त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली. फिर्याद आणि निकाल यांच्या मधल्या काळात 2008, 2013 आणि 2018 अशा तीन महापालिका निवडणुका झाल्या, आणि दोषी ठरलेल्यांत निकालाच्या दिवशी पदावर असलेले नगरसेवकही होते. कोणी दोषी आणि कोणी निर्दोष हे ठरवणे न्यायालयाचे काम. ते मतदाराने किंवा माझ्यासारख्या पत्रलेखकाने आपल्या हाती घेऊ नये. पण त्या तेरा वर्षांत मत देणाऱ्या जळगावकरास प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, आरोप निश्चित झाले आहेत काय, कोणाविरुद्ध कोणते कलम आहे, हे एका पानावर साध्या मराठीत वाचावयास मिळाले असते, तर त्याने जे मत दिले ते निदान डोळसपणे दिले असते. शिवाय शहरांतील बहुतेक प्रभाग चार-चार जागांचे; जळगावच्या 75 आणि धुळ्याच्या 74 जागांची निवडणूक 2018 साली झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी एकेका मतदाराने चार-चार उमेदवार निवडावयाचे होते, म्हणजे अर्ध्या गावाएवढी शपथपत्रे त्याने चाळावी अशी अपेक्षा. मतदान केंद्राबाहेर उमेदवारांच्या माहितीचा फलक लावण्याची पद्धत राज्यात सुरू झाली हे स्तुत्य आहे. परंतु उन्हात रांगेत उभे राहून, मागच्याचा धक्का खात वाचलेल्या फलकावरून निर्णय बदलण्याइतका अवकाश कोणाला मिळतो?

म्हणून माझी मागणी एका छापील कागदाची आहे. कॅलिफोर्नियाचे सरकार मतदारांच्या घरी एक पुस्तिका पाठवते, तिच्यात प्रत्येक ठरावाचा मसुदा, त्याच्या खर्चाचे तटस्थ परीक्षण, आणि अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही बाजूंनी स्वतः लिहिलेले युक्तिवाद समोरासमोर छापलेले असतात. स्वित्झर्लंडमध्येही सार्वमतापूर्वी सरकारी पुस्तिका घरोघर जाते. आपल्याला पुस्तिकाही नको. बाटलीच्या मतदानापूर्वी एक पान: प्रश्न कोणता, यादीत महिला किती, दुकान बंद होण्यास नेमकी किती मते लागतात, दुकान बंद झाल्याने काय होते आणि काय होत नाही, पाठीमागे एका बाजूस अर्ज करणाऱ्या महिलांचे म्हणणे, दुसऱ्या बाजूस परवानाधारकाचे म्हणणे, दोन्ही सारख्याच शब्दमर्यादेत आणि सहीनिशी. सरपंचावरील अविश्वासाच्या वेळी ठराव मांडणाऱ्या सदस्यांचे म्हणणे आणि सरपंचाचे उत्तर. तंटामुक्ती समितीच्या निवडीपूर्वी इच्छुकाने आपल्या चालू दाव्यांची नोंद स्वतः लिहून द्यावी आणि ग्रामसेवकाने ती वाचून दाखवावी. पंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या उमेदवारांच्या शपथपत्रांचा सारांश, कलमांच्या आकड्यांपुढे त्यांचा मराठी अर्थ देऊन, गण, गट व प्रभागनिहाय निघावा.

अधिकाऱ्याने असा कागद काढला तर त्याच्यावर पक्षपाताचा आरोप येईल, ही शंका आपल्या मनात येणार हे मी जाणतो, आणि ती क्षुल्लक मानत नाही. परंतु अधिकाऱ्याने मत द्यावयाचे नाही. त्याने कायदा, आकडा आणि शपथेवर दिलेली माहिती एवढेच लिहावयाचे, मताचा भाग त्या त्या पक्षकाराच्या सहीखाली जावयाचा. मजकुराचा मसुदा दोन दिवस चावडीवर ठेवून हरकती मागवाव्यात. हरकत आली आणि ती योग्य असली तर दुरुस्ती करावी, नसली तर नाकारल्याचे कारण लिहावे. मुदतीची अडचण खरी आहे, विशेषतः उमेदवारांच्या बाबतीत, कारण माघारीनंतर मतदानापर्यंत दिवस थोडे उरतात; पण बाटलीच्या मतदानात आणि अविश्वासाच्या सभेत तारीख आपल्याच हुकुमाने ठरते, तेव्हा तेथे ही सबब उरत नाही. खर्चाविषयी तर मी काही लिहीतच नाही. जे सरकार विधानसभा-लोकसभेच्या वेळी मतदार चिठ्ठी घरोघर पोचवते त्याला एक पान अधिक जड होऊ नये.

वाचता न येणाऱ्यांचे काय? कोतवालाची दवंडी अजून सर्वत्र मेलेली नाही, आकाशवाणीचे जळगाव केंद्र आपल्याजवळ आहे, आणि अहिराणी, लेवा बोली, पावरी या भाषा बोलणारे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय साध्या मराठीत सांगितला आणि साने गुरुजींनी तो शब्दशः टिपून घेतला. ऐकणाऱ्यांत शेतकरी, कामकरी असे सर्व थरांतले कैदी होते. चारच वर्षांनी फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले तेव्हा तेच साने गुरुजी खान्देशच्या खेड्यापाड्यांत हिंडून लोकांना समजावीत होते. ज्या भूमीत इतके गहन विषय खेडुतास समजावले गेले, त्या भूमीत 601 चा हिशेब समजावणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

बचत गटांच्या ज्या भगिनी हे पत्र वाचतील त्यांस एक सांगणे आहे: सह्यांचा अर्ज करण्यापूर्वी तहसील कचेरीतून मतदार यादीची नक्कल मागून घ्या, मयत आणि स्थलांतरित झालेल्यांची नावे कमी करण्याचे अर्ज आधी भरा, आणि मतदानाची तारीख ऊसतोडीच्या हंगामात पडू नये असे लेखी कळवा. आणि आपणा उभयतांस विनंती अशी, की आपल्या जिल्ह्यात यापुढे दारूदुकान बंदीचा जो पहिला अर्ज पडताळणीत खरा ठरेल, त्याच्या मतदानाची तारीख जाहीर करणाऱ्या हुकुमातच वर सांगितलेला कागद किमान दहा दिवस आधी घरोघर पोचवण्याचे आणि चावडीवर वाचून दाखवण्याचे कलम घालावे.

आपला नम्र,
खान्देशातील एक मतदार